हिरवळ करपली, आता ग्राहकाला काय सांगायचं? लॉनच्या धंद्यातल्या चुका आणि त्या निस्तरायची रीत

२०११ चा उन्हाळा नुकताच सुरू होत होता. अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायो, इंडियाना अशा राज्यांत घरांपुढच्या हिरवळी छान दिसत होत्या. तण गेलं होतं, गवत दाट होतं. पण हिरवळीच्या कडेला वर्षानुवर्षं उभे असलेले स्प्रूस आणि पाइनचे वृक्ष शेंड्याकडून तपकिरी पडायला लागले होते. कोवळे कोंब वेडेवाकडे वळले होते, पानं झडत होती.

घरमालकांनी फोन केला तो वसंतात तणनाशक फवारून गेलेल्या लॉनवाल्याला. त्यातल्या बहुतेकांनी बाटलीवरच्या सूचना वाचूनच औषध मारलं होतं. औषध नवं होतं, सरकारी मंजुरी मिळालेलं होतं आणि एका मोठ्या कंपनीचं होतं. तरी ग्राहकाच्या दारात उभं राहून उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावरच आली.

त्या औषधाचं पुढे काय झालं, ते शेवटी पाहू. त्याआधी रोजच्या, साध्या चुका समजून घ्यायला हव्यात. कारण लॉनच्या धंद्यात चूक होणं टळत नाही. ग्राहक राहतो की जातो, हे बहुतेक वेळा चूक झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठरतं.

हा धंदा चालतो तरी कसा?

अमेरिकेत हिरवळ किती आहे, याचा अंदाज २००५ मध्ये एका अभ्यासात उपग्रहांच्या माहितीवरून मांडला गेला. घरांची अंगणं, बागा, गोल्फची मैदानं सगळं धरून हा आकडा सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर निघाला. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त जमीन.

या हिरवळींची निगा राखणारे हजारो छोटे-मोठे व्यावसायिक आहेत. कुणी फक्त गवत कापतं, कुणी खत आणि औषधं मारतं, कुणी दोन्ही करतं. खत-औषधाचं काम सहसा वर्षभराच्या ठरावावर चालतं. हंगामात ठरावीक आठवड्यांच्या अंतराने माणूस येतो, काम करतो, दारावर कागद अडकवतो आणि पुढच्या घरी जातो. बऱ्याचदा ग्राहक तेव्हा कामावर गेलेला असतो. त्याने काम होताना पाहिलेलं नसतं.

चुकांचा सगळा गुंता इथेच आहे. न्हाव्याने केस जास्त कापले तर ते आरशात लगेच दिसतं. हिरवळीचं तसं नाही. खत जास्त पडलं तर गवत करपलेलं दिसायला एक-दोन दिवस जातात. चुकून सगळंच मारणारं तणनाशक फवारलं गेलं तर चार दिवसांपासून आठवड्याभरापर्यंत काही कळतही नाही. या मधल्या दिवसांत चूक फक्त एकाच माणसाला ठाऊक असण्याची शक्यता असते, ती म्हणजे करणाऱ्याला. ग्राहकाला ती त्याच्याकडून कळते की पिवळ्या पडलेल्या अंगणाकडून, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

चुका होतात तरी कोणत्या?

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गवत फार खाली कापणं. साधा नियम असा, की एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. आठवडाभर पावसाने खाडा झाला, गवत वाढलं आणि माणसाने एकदम खाली कापलं, तर आतले पिवळे दांडे उघडे पडतात. यंत्राचं पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांत सगळ्या हिरवळीच्या टोकांवर पांढुरकी झाक येते.

दुसरी चूक खताची. नत्राचा एक हप्ता दर चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं तिथली कृषी विद्यापीठं सांगत आली आहेत. युरियात नत्र ४६ टक्के असतं. म्हणजे १०० चौरस मीटरला एक किलोच्या आसपास युरिया झाला की मर्यादा आली. खत पसरवायची ढकलगाडी वळताना बंद केली नाही किंवा तिचं झाकण उघडून ढीग सांडला, तर त्या जागी मर्यादेच्या कितीतरी पट खत पडतं. खत हे शेवटी क्षारच. ते मुळांतलं पाणी ओढून घेतं आणि गवत भाजल्यासारखं होतं.

तिसरी चूक औषधाची. रुंद पानांचं तण मारणारी आणि गवताला धक्का न लावणारी औषधं वेगळी असतात. ग्लायफोसेटसारखं औषध हिरवं दिसेल ते सगळं मारतं. फवारणीच्या टाकीत आधीचं औषध उरलं असेल, टाकी धुतली नसेल किंवा डबा उचलतानाच घोळ झाला असेल, तर अख्खी हिरवळ जाऊ शकते. वारा असताना फवारलं तर शेजाऱ्याचे गुलाब आणि टोमॅटो आकसतात.

चौथा प्रकार मोडतोडीचा. यंत्राखाली पाणी शिंपडणाऱ्या स्प्रिंकलरचं तोंड येऊन तुटतं. यंत्राचं तेल गळून गवतावर सरळ करपट रेघ उमटते. खडा उडून काच फुटते. अमेरिकी मानकानुसार घरगुती गवतयंत्राच्या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९ हजार फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर. त्या वेगाने उडालेला खडा किती लांब जाईल याचा भरवसा नसतो.

आणि पाचवी, ऐकायला गमतीची पण करणाऱ्याला घाम फोडणारी चूक म्हणजे भलत्याच घराचं लॉन फवारून येणं. सगळी घरं सारखी, पाट्या सारख्या, आणि क्रमांक एकाने चुकतो. ज्याच्या अंगणात औषध पडलं त्याने ते मागितलंच नव्हतं. त्याच्या घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर पैशांआधी तब्येतीचा प्रश्न येतो.

आधी शोध, मग कबुली

ग्राहकाचा फोन येतो, "तुम्ही गेल्यापासून गवत मेलंय." यावर दोन घाईची उत्तरं असतात आणि दोन्ही चुकीची. एक, "आमच्यामुळे नाही." दुसरं, "हो हो, आमचीच चूक, भरून देतो." जागेवर न जाता दिलेलं कुठलंही उत्तर हा अंदाज असतो.

हिरवळ वाचता येते. माणसाच्या हातून झालेलं नुकसान बहुधा सरळ रेषेत दिसतं. पट्टे, वळणावरचे अर्धगोल, यंत्राच्या चाकांच्या रुंदीच्या रेघा दिसल्या की खत, औषध किंवा तेलाकडे संशय जातो. रोग आणि किडीचे डाग सहसा वेडेवाकडे असतात. गवत धरून ओढलं आणि ते सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली हुमणीने मुळं खाल्लेली असण्याची दाट शक्यता असते. मधे मेलेला गोल ठिपका आणि भोवती गडद हिरवं कडं दिसलं तर बहुतेकदा कुत्र्याचं काम. त्याच्या मूत्रातही नत्रच असतं, मधे जास्त झालेलं आणि कडेला खत ठरलेलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जागेवर जाणं. ग्राहकाला सोबत घेऊन पाहणं, फोटो काढणं, त्या दिवशी काय मारलं, किती मारलं, वारा कसा होता ही नोंद काढणं. औषध मारणाऱ्यांना अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी नोंद ठेवावीच लागते. कीडनाशकांच्या केंद्रीय कायद्यानुसार लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने औषध वापरणं हा तिथे गुन्हा आहे. त्यामुळे नोंदवही ग्राहकाला उत्तर द्यायला जितकी लागते, तितकीच सरकारी तपासणीलाही.

शोध घेतला म्हणजे टाळाटाळ केली असं नाही. "मी उद्या सकाळी नऊला येतो, पाहतो, आणि काय दिसलं ते तिथेच सांगतो," एवढं वाक्य ग्राहकाला पुरतं. "बघतो" हे एकटं वाक्य मात्र पुरत नाही.

सांगायचं कधी आणि कोणी?

स्प्रिंकलरचं उदाहरण घ्या. दुपारी काम करताना माणसाच्या यंत्राखाली त्याचं तोंड तुटलं. घरात कुणी नव्हतं. तो गाडीत बसून निघून गेला. पहाटे पाच वाजता टायमर सुरू झाला, तुटलेल्या जागेतून कारंजं उडालं, दोन तास पाणी वाहिलं, फुलांचा वाफा धुऊन गेला. प्लास्टिकच्या त्या तुकड्याची किंमत काही डॉलर. नुकसान त्याच्या अनेक पट. आणि ग्राहकाच्या मनात प्रश्न एकच राहतो. याने हे लपवलं, मग आजवर आणखी काय काय लपवलं असेल?

त्याच माणसाने त्याच वेळी फोन केला असता, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला असता आणि दारावर चिठ्ठी ठेवली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती.

पण तो फोन का करत नाही? बऱ्याचदा उत्तर मालकाकडे असतं. चूक सांगितली की ओरडा बसतो, पगारातून पैसे कापले जातात, हे एकदा कळलं की माणूस सांगणं बंद करतो. चुका तेवढ्याच होत राहतात, फक्त मालकाला त्या आता ग्राहकाकडून कळतात. म्हणून चांगले व्यावसायिक एक फरक करतात. चूक झाली आणि सांगितली, तर शिकवायचं. चूक झाली आणि लपवली, तर कारवाई करायची.

फोन कुणी करायचा, यालाही महत्त्व आहे. मोडलेलं स्प्रिंकलर, थोडं खाली कापलेलं गवत हे जागेवरच्या माणसाने स्वतः सांगितलं तर बरं. हिरवळ मेली असेल, शेजाऱ्याचं नुकसान झालं असेल किंवा औषध भलत्या अंगणात पडलं असेल, तर मालकाने स्वतः जायला हवं. औषधाच्या बाबतीत पहिल्याच फोनवर औषधाचं नाव आणि लेबलवरच्या सूचना सांगाव्या लागतात. गवत सुकेपर्यंत मुलं आणि प्राणी बाहेर सोडू नका, हे ऐकण्याचा त्या घराचा हक्क आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत फवारणीनंतर अंगणात छोटे झेंडे रोवून लोकांना सावध करणं बंधनकारक आहे, ते याच कारणाने.

बोलण्यातही फरक पडतो. "तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा" या वाक्यातल्या 'असेल तर'ने माफी मागे घेतली जाते. त्याऐवजी, "मंगळवारी आमच्या माणसाने गाडी वळवताना खत बंद केलं नाही. कडेच्या पट्ट्यात ते दुप्पट पडलं आणि त्यामुळे गवत भाजलं. ही आमची चूक आहे. आज आम्ही हे करतोय, आणि तीन आठवड्यांनी असं दिसेल." काय झालं, कुणामुळे झालं, आता काय होणार, कधी होणार. चार गोष्टी आल्या की बोलणं पूर्ण होतं.

माफीनंतरचं वेळापत्रक

हिरवळीची दुरुस्ती निसर्गाच्या गतीने होते. ग्राहकाला खूश करायला "आठवड्यात होईल" असं सांगितलं की पहिल्या चुकीवर दुसरी चढते.

खत सांडलं असेल तर आधी ते कोरडंच झाडून, भरून घ्यायचं आणि मग भरपूर पाणी द्यायचं. आधीच पाणी मारलं तर सगळे क्षार एकाच जागी मुळांत उतरतात. दोन दिवस उलटून पट्टा पिवळा झाला असेल, तर पाणी देत राहून मुळाजवळचा गाभा जिवंत आहे का, हे पाहावं लागतं. गाभा पांढरा आणि टणक असेल तर गवत फुटतं. तपकिरी आणि मऊ झाला असेल तर पुन्हा पेरणं भाग आहे.

पेरणीतही गवतागवतात फरक आहे. बारमाही रायग्रास अनुकूल हवेत पाच ते दहा दिवसांत उगवतं, टॉल फेस्क्यूला एक ते दोन आठवडे लागतात, केंटकी ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं. ब्लूग्रास जमिनीखालून पसरून छोटी भोकं स्वतःच भरतं. टॉल फेस्क्यू फारसं पसरत नाही, तिथे भोक राहिलं तर राहिलंच.

आणखी एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. वसंतात तणाचं बी उगवू नये म्हणून मारलेलं औषध गवताचं बीही उगवू देत नाही, आणि त्याचा परिणाम काही महिने टिकतो. अशा अंगणात बी टाकून "येईल हळूहळू" असं सांगणं म्हणजे ग्राहकाला निष्कारण वाट पाहायला लावणं. तिथे तयार गवताचे गालिचे आणून बसवावेत, नाहीतर शरदात पेरू असं स्पष्ट सांगावं आणि ती तारीख लिहून द्यावी.

पैसे परत द्यायचे की काम पुन्हा करायचं?

ग्राहकाला नेमकं काय दुखतं, यावर विपणनशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. टॅक्स, ब्राउन आणि चंद्रशेखरन या तीन अभ्यासकांनी १९९८ मध्ये तक्रार करणाऱ्या ग्राहकांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तक्रारदार तीन गोष्टी तोलतो, ही त्यातली मांडणी. पदरात काय पडलं, ते मिळवायला किती खेटे घालावे लागले आणि आपल्याशी कसं बोललं गेलं.

लॉनच्या धंद्याला हे तंतोतंत लागू पडतं. पूर्ण पैसे परत मिळाले, पण त्यासाठी सहा फोन करावे लागले, तर ग्राहक जातो. बोलणं गोड आणि दुरुस्ती शून्य, तरीही जातो. उलट, त्या एका फेरीचे पैसे न घेणं, खराब पट्टा स्वखर्चाने भरणं आणि तीन आठवड्यांनी न बोलावता येऊन पाहणं, यात तिन्ही गोष्टी येतात. शेवटची फेरी सगळ्यात स्वस्त असते आणि सगळ्यात जास्त विसरली जाते.

भरपाई नुकसानाच्या मापाची हवी. थोडं खाली कापलेलं गवत दोन-तीन आठवड्यांत भरून येणार असेल, तर त्या दिवसाचे पैसे सोडणं पुरे. वर्षभर फुकट काम कबूल केलं की माणूस मनातून त्या घराला टाळू लागतो आणि कामाचा दर्जा आणखी घसरतो.

कबुली दिली तर विमा हातचा जातो का?

ही भीती खरी आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक दायित्व विम्याच्या प्रमाण मसुद्यात अशी अट असते, की विमाधारकाने कंपनीच्या संमतीविना पैसे द्यायचे किंवा जबाबदारी स्वीकारायची नाही. दिलीच, तर ती स्वतःच्या खर्चाने. म्हणजे मेलेल्या मोठ्या झाडापुढे उभं राहून "सगळं भरून देतो" म्हटलं, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पण खरं सांगणं आणि पैसे कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "गुरुवारी आम्ही इथे अमुक औषध मारलं, वारा होता, झाडाच्या या बाजूची पानं आकसली आहेत. मी आजच विमा कंपनीला कळवतोय आणि शुक्रवारपर्यंत तुम्हाला उत्तर देतो." यात काही लपवलेलं नाही आणि आकडाही कबूल केलेला नाही. मोठं नुकसान असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं हाच शहाणपणा. उशिरा कळवल्यानेही दावे अडकतात.

धंदा सुरू करतानाच तपासायची एक बाब अशी, की साध्या विम्यात फवारलेल्या औषधाने झालेलं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं जोडपत्र घ्यावं लागतं. ज्या हिरवळीवर काम चाललंय तिचंच नुकसान झालं, तर तेही अनेकदा वगळलेलं असतं. फुटलेल्या काचेचे पैसे मिळतात आणि करपलेल्या लॉनचे मिळत नाहीत, हे चूक झाल्यावर कळून उपयोग नसतो.

चूक निस्तरली की ग्राहक अधिकच पक्का होतो?

धंद्याची पुस्तकं असं सांगतात. कधीच चूक न झालेल्या ग्राहकापेक्षा, चूक होऊन ती उत्तम निस्तरली गेलेला ग्राहक अधिक खूश असतो, या कल्पनेला १९९२ मध्ये एक नावही मिळालं. त्याचा अर्थ साधारण 'दुरुस्तीचा विरोधाभास' असा होतो.

२००७ मध्ये यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला. ग्राहकाचं समाधान वाढतं, हे त्यात दिसलं. पण तो पुन्हा काम देईल, इतरांना सांगेल किंवा कंपनीबद्दलचं त्याचं मत सुधारेल, याला आधार मिळाला नाही. म्हणजे चांगली दुरुस्ती ग्राहकाचा राग घालवते, पण चूक ही काही कमाईची संधी नव्हे. आणि हे पहिल्या चुकीचं. त्याच ग्राहकाच्या अंगणात तीच चूक दुसऱ्यांदा झाली, तर पहिली माफीही खोटी ठरते. म्हणून माफी मागून झाल्यावर टाकीवर औषधाचं नाव रंगवणं, फवारणीआधी घराचा क्रमांक फोटोत घेणं, गाडीचं माप दर आठवड्याला तपासणं ही कामं उरतात. ती केली नाहीत तर दुरुस्ती अर्धीच.

त्या झाडांचं पुढे काय झालं?

आता २०११ कडे परत. ते तणनाशक होतं ड्यूपाँट कंपनीचं 'इम्प्रेलिस'. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, त्याला २०१० मध्ये मंजुरी दिली होती आणि ते व्यावसायिकांनाच विकलं जात होतं. त्यातलं रसायन झाडांच्या मुळांतून वर चढत होतं. नॉर्वे स्प्रूस आणि पांढरा पाइन या झाडांना त्याचा विशेष फटका बसला. जून २०११ मध्ये कंपनीने या झाडांजवळ औषध वापरू नका असं व्यावसायिकांना कळवलं. ऑगस्टमध्ये विक्री थांबली आणि ईपीएने विक्रीबंदीचा आदेशही काढला. झाडं काढणं, नवी लावणं यासाठी कंपनीने भरपाईची योजना आणली. तक्रारी हजारोंच्या घरात होत्या.

त्या महिन्यांत लॉनवाल्यांपुढे पेच होता. चूक त्यांची नव्हती, पण औषध त्यांच्याच हाताने पडलं होतं. विद्यापीठांच्या विस्तार केंद्रांचा सल्ला होता, की झाड तोडायची घाई करू नका, काही झाडं सावरतील. सोबत फोटो आणि नोंदी जपणं गरजेचं होतं. ज्यांच्याकडे कुठल्या अंगणात, कुठल्या तारखेला, किती औषध पडलं याची नोंद होती, ते ग्राहकाला भरपाईच्या अर्जात मदत करू शकत होते. नोंद नसलेल्याकडे द्यायला फक्त शब्द होते.

२०१४ मध्ये ड्यूपाँटने ईपीएशी तडजोड करून सुमारे साडेअठरा लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. ईपीएचे आरोप दोन होते. झाडांना धोका असल्याचा पुरेसा इशारा लेबलवर नव्हता, आणि दुष्परिणामांचे अहवाल कंपनीने वेळेत दिले नव्हते. दोन्हींचा गाभा एकच, सांगायला हवं ते सांगितलं नाही.

महाराष्ट्रात हा मुद्दा कुठे येतो?

पुणे, नवी मुंबई, नाशिकच्या गृहनिर्माण सोसायट्यांत, बंगल्यांत आणि लग्नाच्या लॉन्सवर आता हेच काम ठेकेदार करतात. गवत वेगळं, हवा वेगळी, चुका त्याच. उलट इथे वादाला एक कारण जास्त असतं, ते पाण्याचं. मे महिन्यात टँकर आटले, त्याच आठवड्यात युरिया पडला आणि हिरवळ गेली, तर सेक्रेटरी ठेकेदाराला धरतो आणि ठेकेदार पाण्याला. किती युरिया टाकला आणि पाणी किती दिवस बंद होतं, हे वहीत लिहिलेलं असेल तर भांडण दहा मिनिटांत मिटतं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा 'सेवेतील त्रुटी' म्हणजे काय ते सांगतो. त्यात निष्काळजीपणाने झालेलं नुकसान येतंच, पण सेवा देणाऱ्याने ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीदेखील त्रुटीच धरली आहे. सहकारी संस्थेलाही या कायद्याखाली तक्रार करता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पगारावर ठेवलेल्या घरच्या माळ्याचं काम मात्र यात येत नाही, कारण वैयक्तिक नोकरीचा करार कायद्याने वगळला आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही दोन गोष्टी सोप्या आहेत. ठराव करताना 'काही बिघडलं तर किती तासांत कळवाल आणि कोण येईल' हे विचारून लिहून घ्यावं. आणि ठेकेदाराने स्वतःहून चूक सांगितली, तर त्याच क्षणी त्याला झापू नये. ज्याला खरं बोलल्याबद्दल शिव्या बसतात, तो पुढच्या वेळी गप्प बसतो आणि नुकसान पुन्हा ग्राहकाचंच होतं.

गवत चिवट असतं. पावसाळ्यात हरळी सिमेंटच्या भेगेतूनही वर येते. करपलेला पट्टा महिन्या-दोन महिन्यांत बहुधा भरून निघतो. पण "हे तुम्हाला त्या दिवशीच ठाऊक होतं ना?" असं ग्राहकाने विचारलं आणि समोरच्याने मान खाली घातली, तर तिथला विश्वास पुन्हा उगवायला फार वेळ लागतो.